न पिणाऱ्यांचा तोल

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. बाहेरचे पाहुणे आले की हसतात, बंदी आहे म्हणजे घरपोच मिळत असेल म्हणतात. मिळते ना, कोण नाही म्हणतं? पण ही बंदी माणसाच्या डोक्यात काय करून ठेवते, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. जिथे उघड दुकान असतं तिथे पिणारा दुकानाच्या दारात दिसतो, त्याच्या हातात बाटली दिसते. आमच्याकडे बाटली दिसत नाही. दिसतो फक्त माणूस आणि त्याची चाल. रस्त्याने कोणी जरा झोकांड्या देत आला की आमची लहान लेकरंसुद्धा बाजूला होतात. विचारायची गरज नसते.

माझे बाबा झोकांड्या देत चालायचे. आणि ते पीत नव्हते. ही दोन वाक्यं एकापुढे एक म्हणायला आमच्या घराला वीस-पंचवीस वर्षं लागली.

नाचणगावला आमचं वावर. कापूस-सोयाबीन नाही, भाजीपाला. वांगे, पालक, भेदरे, सांबार. भेदरे म्हणजे टमाटर आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवते, नाहीतर सांबार वावरात कसं उगवतं म्हणून विचारत बसाल. सकाळी तोडायचं, डाल्यांत भरायचं आणि पुलगावच्या बाजारात न्यायचं. वाफ्यांच्या मधून धुरे जातात. धुरा म्हणजे मातीचा अरुंद बांध, एका माणसापुरता. बाबा डोक्यावर डालं घेऊन त्या धुऱ्यांवरून आयुष्यभर चालले. मी आठवी-नववीत असताना एक दिवस ते डाल्यासकट पालकाच्या वाफ्यात पडले. आम्ही भावंडं हसलो, तेही हसले. थोड्या दिवसांनी पुन्हा पडले. मग बोलताना त्यांची जीभ जड पडायला लागली, शब्द एकमेकांना चिकटून यायला लागले. गावाने काय ते ठरवून टाकलं.

गावाच्या आधी माझ्या मायने ठरवलं. माय गावच्या दारूबंदी मंडळाची म्होरकी. नाल्याच्या काठी कुठे मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, पुरून ठेवलाय त्याचा वास तिला रस्त्यावरून यायचा. बाया घेऊन जायची, मडकी उकरून काढायची, सगळं नाल्यात ओतायची आणि ज्याचं असेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून परत यायची. पोलीस तिला काकू म्हणायचे आणि जरा वचकून असायचे. अशा बाईचा नवरा भर बाजारात झोकांड्या देतो म्हटल्यावर लोकांची चांगलीच करमणूक झाली. बाया तोंडावर काही बोलत नसत, पण ज्यांची मडकी फुटली होती ते पुरुष सोडतात होय? काकू, पहिले घरचा सडवा उपसा, असं येता-जाता ऐकवायचे.

संध्याकाळी बाबा वावरातून आले की माय त्यांना दारातच थांबवायची. हनुवटी धरून तोंड उघडायला लावायची आणि नाक जवळ नेऊन हुंगायची. बाबा मुकाट्याने तोंड उघडून उभे राहायचे. वास यायचा नाही. कसा येणार? पण मायकडे त्याचंही उत्तर होतं. वास येत नाही म्हणजे हा कांदा खाऊन येतो. बाटली सापडत नाही म्हणजे हा लपवण्यात पक्का आहे. आमच्या जिल्ह्यात बाटली न सापडणं म्हणजे माणूस निर्दोष, असं कोणी मानत नाही. तिने कडब्याच्या गंजीत शोधलं, मोटरीच्या खोपटात शोधलं, भेदऱ्यांचे क्रेट उलटे केले. बाबांनी आम्हा दोघा लेकरांची शपथ घेतली. त्यावर तर ती जास्तच भडकली, की आता हा माणूस दारूपायी पोटच्या लेकरांच्या खोट्या शपथा घ्यायला लागला.

मग तिने कुठूनतरी दारू सोडवायच्या पुड्या आणल्या. पिणाऱ्याला न सांगता त्या भाजीत कालवायच्या असतात. ती कालवायची, बाबा जेवायचे आणि ओकायचे. ओकले की मायला बरं वाटायचं, आतली निघून राह्यली म्हणायची. बाबा वाळत गेले. शेवटी शेवटी तर त्यांना पाण्याचाही ठसका लागायचा. एकदा अन्नच छातीत गेलं, निमोनिया झाला आणि ते गेले. तेरवीच्या पंगतीत लोक म्हणाले, माणूस सोन्यासारखा होता, तेवढा एक नाद वाईट. मायनेही मान हलवली.

माझं लग्न सिंदी मेघेला झालं. यजमानांचं बांगड्या आणि कटलरीचं दुकान. गल्ल्यावर ते बसतात, बांगड्या मी भरते. बाईचा हात हातात घेतला की तिच्या घरचं सगळं कळतं, आणि नाही कळलं तर मी विचारते. माझी जीभ तिखट आहे, पण हात हलका आहे असं गिऱ्हाईक म्हणतं. म्हणायचं. अलीकडे बांगड्या फार फुटायला लागल्या होत्या. भरता भरता तडकायच्या, बायांना ओरखडे निघायचे. काचेत काही दमच राहिला नाही म्हणून मी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला फोनवर मनसोक्त शिव्या घातल्या.

दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. बाबांच्या मागे वावर त्यानेच सांभाळलं. देवमाणूस म्हणावा असा नाही, तो चिडका आहे, बाजारात भाव करताना समोरच्याचा बाप काढतो. पण त्याने आयुष्यात कशाला हात लावला नाही. बाबांचं पाहून त्याने सुपारीसुद्धा सोडली होती. आणि तोच दादा एक दिवस धुऱ्यावरून पडला. वहिनीने फोन केला तेव्हा तिच्या आवाजातच मला सगळं कळलं. ती म्हणाली, मायनं आज त्यायचं तोंड हुंगलं.

पण वहिनी हुशार. ती दादाबरोबर चोवीस तास वावरात असते, त्याच्या पोटात काय जातं ते तिला माहीत. तिने मायला सरळ सांगितलं की हे पीत नाहीत, आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथून दुसऱ्या, तिथून नागपूरला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर बाई भेटल्या, मज्जासंस्थेच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या. वयाने लहान, पण बोलायला शांत. त्यांनी दादाला स्वतःच्या नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला बोट लावायला सांगितलं. दादाचं बोट हवेत भरकटायचं. रक्त घेतलं. घरात आणखी कोणाला असं होतं का, असं विचारलं. वहिनी म्हणाली, सासऱ्यांना, पण ते दारूमुळे.

रक्ताच्या तपासणीचा निकाल आल्यावर डॉक्टर बाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. मायलाही. त्यांनी समजावून सांगितलं, की डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. माणसाचा तोल तो राखतो. जिभेचा, हाताचा, पायाचा, सगळ्याचा. या आजारात तो हळूहळू सुकत जातो. आजार रक्तातून येतो. बापाला असेल तर लेकराला निम्मी शक्यता, प्रत्येक लेकराला वेगळी. औषध नाही. जगभर शोध चालू आहे, पण आज हातात काही नाही. आणि मग मायकडे वळून त्या म्हणाल्या की तुमच्या यजमानांनाही बहुतेक हाच आजार असणार.

मायने विचारलं, म्हणजे ते पीत नव्हते? डॉक्टर बाई म्हणाल्या, ते मी कसं सांगू, पण त्यांचा तोल जायचा तो याच आजाराने. माय घरी आली, चुलीपुढे बसली, आणि एवढंच म्हणाली, "मी त्यायले पुड्या चारल्या."

त्यानंतर तिने कोणाचं तोंड हुंगलं नाही. मंडळाच्या बाया बोलवायला आल्या तर कामं आहेत म्हणायची. काही कामं नव्हती. अंगणात बसून वांगे निवडत राहायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. तिला कोणी दोष दिला नाही. दिला असता तर तिला बरं वाटलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण ज्याने तिला रागवायचं तो माणूसच घरात उरला नव्हता.

डॉक्टर बाईंनी तेव्हाच मला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुमचंही रक्त तपासायचं का? इच्छा असेल तरच. मी म्हटलं, औषध नाही ना? मग कळून करू काय, लोणचं घालू? त्या हसल्या नाहीत. ठीक आहे म्हणाल्या, न कळण्याचाही तुम्हाला हक्क आहे. मला ते वाक्य फार आवडलं. चार वर्षं मी त्या हक्कावर जगले.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आसपास त्यांचा फोन आला. एका नव्या गोळीची चाचणी सुरू होणार होती. गोळीने आजार बरा होणार नव्हता. फार तर त्याचा वेग कमी होईल असा अंदाज होता, आणि तो अंदाज खरा की खोटा हेच त्यांना पाहायचं होतं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी, आणि कोणाला कोणती हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. आणखी एक अट होती. पेशंटला खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधाराशिवाय चालता आलं पाहिजे. दादा तेव्हा भिंत धरून चालायचा.

मी दादाला सगळं खोलून सांगितलं, खोटी गोळी येऊ शकते हेही. त्याला काही फरक पडला नाही. त्याचं बोलणं तोवर इतकं लडबडलं होतं की फोनवर मला दोनदा विचारावं लागायचं. पण हे स्पष्ट ऐकू आलं. "खोटी भेटली तरी चालते. आपलं नाव तं लागलं पाह्यजे."

आणि त्याने चालण्याचा सराव सुरू केला. कुठे? धुऱ्यावर. अरे बाबा, अंगणात चाल, ओसरीत चाल, म्हटलं. नाही. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की ज्याला धुऱ्यावर तोल सांभाळता येतो त्याला खोलीत काय कठीण आहे? धुरा अरुंद, खोली रुंद. शेतकऱ्याचा हिशोब तसाच असणार, आणि मलाही तो पटला. सकाळी पाट सुटला की माती ओली व्हायची, मऊ व्हायची. दादा अनवाणी उभा राहायचा, पायाची बोटं मातीत रुतवायचा आणि एकेक पाऊल टाकायचा. वहिनी शेजारच्या सरीतून हात पसरून सोबत चालायची, हात न लावता. पहिले काही दिवस तो वाफ्यात पडला. सगळे वांगे मोडले. मग कमी पडला. मग एक दिवस फोन आला, आज पडलो नाई. मी दुकानात होते. समोर गिऱ्हाईक बाई हात पुढे करून बसली होती, तिला मी ओळख ना पाळख सगळं सांगून टाकलं, आणि तिच्या बांगड्यांतली एक फोडली.

त्या दोन महिन्यांइतकी आशा मी आयुष्यात कधी धरली नाही, आणि पुन्हा धरणार नाही. माय धुऱ्याच्या टोकाला बसून पाहायची. दादा टोकाला पोहोचला की ती पदराने त्याच्या पायाची माती पुसायची. साठ-सत्तरीच्या बाईने चाळिशी उलटलेल्या माणसाचे पाय पुसायचे. दादा पाय मागे घ्यायचा आणि त्यात पुन्हा तोल जायचा.

ठरल्या दिवशी दादा-वहिनी भाड्याच्या गाडीने आले, मला सिंदी मेघेतून घेतलं आणि आम्ही नागपूरला गेलो. दादाने नवा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. तपासणीची खोली मोठी होती. पांढरी गुळगुळीत फरशी, इकडून तिकडे एक निळी पट्टी चिकटवलेली. डॉक्टर बाईंनी चपला काढायला सांगितल्या. दादा पट्टीवर उभा राहिला आणि त्याने पायाची बोटं आखडून घेतली. फरशीत बोटं रुतत नाहीत. त्याने दोनदा, तीनदा बोटं रोवायचा प्रयत्न केला. नखांचा आवाज आला. मग त्याने पाऊल उचललं आणि तो आडवा झाला. डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या मदतनीस मुलीने धरलं म्हणून डोकं वाचलं.

पुन्हा करू द्या म्हणाला. त्यांनी करू दिलं. पुन्हा. त्यांनी पुन्हा करू दिलं. मला त्या बाईंचा राग यायला हवा होता, पण त्यांनी घाई केली नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. शेवटी त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि सांगितलं की या चाचणीत तुम्हाला घेता येणार नाही. आजार फार पुढे गेला असेल तर गोळीने फरक पडला की नाही हे मोजता येत नाही. दादा ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, आमच्या वावरात चला. मी धुऱ्यावर चालून दाखवतो."

वहिनी खोलीबाहेर निघून गेली. मी चिडले. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच नाही म्हणता, हे कसलं तुमचं शास्त्र, असं काहीबाही बोलले. डॉक्टर बाईंनी दादाच्या चपला आणून त्याच्या पायाशी ठेवल्या.

माझं एक काम राहिलं होतं. निरोगी नातेवाइकांचीही मोजमापं त्यांना हवी होती, तुलना करायला. फोनवरच मी हो म्हटलं होतं. रक्त नाही, फक्त चालायचं, बोलायचं, बोट नाकाला लावायचं. आता नको वाटत होतं, पण दादा म्हणाला, देऊन टाक, आलोच आहोत. मी रागातच चपला काढल्या आणि पट्टीवर उभी राहिले. टाचेला पंजा लावत चालायचं होतं. माझं लक्ष दादाकडे. तो खाली मान घालून शर्टाची घडी सारखी करत होता, आणि मी चालत गेले, वळले, परत आले. काय त्यात? पण डॉक्टर बाई म्हणाल्या, पुन्हा एकदा चालाल का? मग म्हणाल्या, डोळे मिटून उभ्या राहा. मी डोळे मिटले आणि त्यांचा हात माझ्या दंडाला लागला. मी पडत होते, आणि मला ते कळलंही नव्हतं.

मी म्हटलं, सकाळपासून पोटात काही नाही. गाडीत मळमळलं. दादाचं पाहून हातपाय गळाले. त्या सगळ्याला हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता रक्त तपासायचं का, ते तुम्ही ठरवा, आजच ठरवायला हवं असं नाही. मी बाही वर केली. चार वर्षांचा माझा तो हक्क एका पट्टीवर संपला होता.

त्यानंतर काय झालं ते सांगायला फार काही नाही. निकाल आला. मला त्यांनी एकटीला बोलावून, दार लावून, सावकाश सांगितलं. आजार आहे, पण सुरुवात आहे. मी दुकानातल्या त्या फुटलेल्या बांगड्यांचा विचार करत होते. काच चांगली होती. त्या व्यापाऱ्याला मी उगाच शिव्या घातल्या. मग त्या म्हणाल्या की तुमची तयारी असेल तर गोळीच्या चाचणीत तुम्ही बसता. अगदी बसता.

यजमान ऐकून देवघरापुढे जाऊन बसले, ते जेवायलाही उठले नाहीत. माझी पोरगी पुण्याला नोकरीला आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. ती फोनवर भरभर बोलते, हसते, आणि मी तिच्या बोलण्यात काय आहे ते ऐकतच नाही. तिची जीभ कुठे अडखळते का, तेवढंच ऐकते. माझ्या मायचं नाक मला मिळालं नाही, पण हे मिळालं.

दादाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो आता खाटेवरच असतो. मला वाटलं होतं तो रडेल, किंवा देवाला शिव्या देईल. पण आधी त्याने एकच विचारलं, आणि ते समजायला मला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"तुले घेतलं ना त्यायनं?"

मी म्हटलं, घेतलं. त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी खोटं लिहीत नाही. घरातल्या एकाला तरी लागलं नाव, असं काहीतरी म्हणाला आणि माझा हात थोपटायला गेला, तर त्याचा हात खाटेच्या कडेवर आपटला. मला तेव्हा वाटलं की यापेक्षा त्याने माझा हेवा केला असता, मला दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी घरी जाऊन झोपू शकले असते. मायले सांगू नको, एवढं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. ठरलं, मायला सांगायचं नाही. तिच्या पदरात आधीच दोन दुःखं आहेत, बाबांचं आणि दादाचं.

गोळी मी घेते. खरी की खोटी, देव जाणे, आणि या बाबतीत तोही जाणत नसेल. काही चांगलं होतंय असं वाटत नाही. दुकानात आता बांगड्या यजमान भरतात. बायांना संकोच वाटतो, त्या दुसऱ्या दुकानात जातात.

गेल्या आठवड्यात मी नाचणगावला गेले होते. वांग्यांचा तोडा चालू होता. वहिनी एकटी, मजूर मिळत नाहीत, म्हणून मी एक छोटं डालं कमरेवर घेतलं आणि धुऱ्यावरून निघाले. धुऱ्याच्या टोकाला माय बसलेली, नेहमीसारखी, पुढ्यात वांगे. सकाळचं चांगलं ऊन होतं. मी जपून चालत होते. फार जपून, आणि तेच चुकलं असावं, कारण धडधाकट माणूस धुऱ्यावरून असा जपून चालत नाही. मध्ये एकदा पाय पाटात गेला. मी सावरले, हसून पाणी फार सोडलं म्हणाले, आणि पुढे आले. मी येईपर्यंत माय माझ्या पायांकडे पाहत होती.

मी डालं खाली ठेवलं. माय गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिने माझी हनुवटी धरली. इतक्या वर्षांनी तिची ती पकड जाणवून मला बाबा आठवले, आणि तिने न सांगताच मी तोंड उघडलं. ती नाक जवळ आणून हुंगत राहिली. पुन्हा हुंगलं. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. जिने उभं आयुष्य दारूची मडकी फोडली ती बाई माझ्या तोंडात दारू शोधत होती.

"घेतली असंन तं सांग बाई," ती म्हणाली. "मी काईच म्हणत नाई. शप्पथ."

मी म्हटलं, "हो माय. घेतली."

तिने पुन्हा एकदा हुंगलं, डोळे मिटून. मग हळूच माझी हनुवटी सोडली.

"तुया बा खरंच बोलत होता," ती म्हणाली, "अन् तू खोटं बोलून राह्यली."

मग ती खाली बसली, पदराचं टोक पुढे ओढलं आणि माझ्या पायाचा चिखल पुसायला लागली.